एका मुलाला घेट्टोबाहेर काढायला काय काय लागत होतं? (इरेना सेंडलर)

आबोली

व्हॉट्सअ‍ॅपवर इरेना सेंडलरबद्दलचा तो मजकूर पुन्हा फिरायला लागलाय. बहुतेकांनी वाचला असेल: दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पोलंडमधल्या ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्साच्या बंदिस्त वस्तीत, म्हणजे घेट्टोत, ती म्हणे प्लंबर म्हणून जायची, हत्यारांच्या पेटीत तान्ही मुलं लपवायची, गाडीत भुंकायला शिकवलेला कुत्रा असायचा, अशी अडीच हजार मुलं तिनं बाहेर काढली, त्यांची नावं बरणीत घालून झाडाखाली पुरली, आणि शेवटी तिचं नोबेल दुसऱ्यालाच गेलं.

बाई खरी आहे, काम खरं आहे. पण हे वाचून असं वाटतं की मूल पेटीत घातलं, गाडी फाटकाबाहेर गेली, की झालं. मला वाटतं खरं काम तिथून पुढे सुरू होत असणार. त्या रात्री मूल झोपलं कुठे? कुणी नाव विचारलं तर त्यानं काय सांगायचं? ठेवून घेणाऱ्या घराला पैसे कोण देणार, आणि किती दिवस? ज्यांचा या विषयाचा नीट अभ्यास आहे त्यांनी कृपया तपशिलात लिहा. मजकुरातल्या चुकाही सांगा, म्हणजे दुरुस्त करून त्याच गटांवर पाठवता येईल.

पाऊलखुणा

आबोलीताई, धागा काढलात हे बरं झालं. प्लंबरपासूनच सुरुवात करते.

ती वॉर्सा महापालिकेच्या समाजकल्याण खात्यात नोकरीला होती. हा तपशील चुकला की सगळंच चुकतं, कारण पुढचं सारं काम त्या नोकरीच्या जोरावर उभं राहिलं. कुठला फॉर्म कसा भरायचा, कुणाच्या सहीशिवाय कागद हलत नाही, कुठल्या अनाथालयात कोण प्रमुख आहे आणि ती व्यक्ती कितपत विश्वासाची, हे खात्यातल्या माणसालाच ठाऊक असतं.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन आले. ज्यू कर्मचाऱ्यांना खात्यातून काढलं आणि ज्यू कुटुंबांची मदत बंद केली. तेव्हा सेंडलर आणि तिच्या मैत्रिणींनी गृहभेटीचे अहवाल खोटे लिहायला घेतले. ज्यू कुटुंबाच्या जागी पोलिश नाव घालायचं, मदत मंजूर करून घ्यायची आणि शेऱ्यात लिहायचं, ‘घरात टायफस’ किंवा ‘घरात क्षय’. तो शेरा वाचून तपासनीस त्या दारात पाऊल ठेवायचा नाही. म्हणजे घेट्टोची भिंत उभी राहण्याआधीच या बायकांचा हात या कामात बसला होता.

१६ नोव्हेंबर १९४० ला घेट्टो सीलबंद झाला. साडेतीन चौरस किलोमीटरही जागा नाही आणि आत चार लाखांहून जास्त माणसं. उपासमार आणि टायफस. साथ भिंत ओलांडून आपल्या सैनिकांना गाठेल याची जर्मनांना धास्ती होती, म्हणून पोलिश आरोग्य कर्मचाऱ्यांना आत जायची मुभा होती. महापालिकेच्या स्वच्छता विभागातले डॉ. युलियुश मायकोव्स्की यांनी सेंडलर आणि तिची सहकारी इरेना शुल्त्स यांची नावं आपल्या कर्मचाऱ्यांत घालून दोघींना पास दिले. म्हणजे पास खरा आणि त्यावरचं काम खोटं. दिवसातून दोन-तीनदाही त्या आत जायच्या. अन्न, औषधं, पैसे आणि टायफसची लस न्यायच्या. एकावर एक कपडे चढवून जायच्या आणि वरचे आत देऊन यायच्या.

परिचारिका

छोटी पण गरजेची दुरुस्ती. टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. मराठी लेखांत हा घोटाळा नेहमी होतो. विषमज्वर दूषित पाण्या-अन्नातून होतो. टायफस उवांमुळे पसरतो. एका खोलीत सात-आठ माणसं, साबण नाही, कपडे उकळायला कोळसा नाही, मग उवा मरणार कशा? घेट्टोत तो एवढा माजला त्याचं कारण हे. इरेनाचे वडील डॉक्टर होते. १९१७ मध्ये ते टायफसनंच गेले, तेव्हा ती सात वर्षांची होती.

धुळाक्षर

पाऊलखुणा यांच्या प्रतिसादाला जोड. कागद आणि शिक्के यांच्याशी तिचं भांडण त्याच्याही आधीचं आहे. तीसच्या दशकात वॉर्सा विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांना वर्गात वेगळ्या बाकांवर बसवायचा नियम आला आणि विद्यार्थ्यांच्या गुणपुस्तिकेत तसा शिक्का मारायला लागले. तिच्या पुस्तिकेवर ‘आर्य’, म्हणजे बिगरज्यू, बाजूचा शिक्का होता. तिनं तो खोडला, आणि त्यापायी विद्यापीठातून निलंबित झाली. पुढे युद्धात तिनं जे केलं त्याची सुरुवात मला या खोडलेल्या शिक्क्यात दिसते.

रंकाळा

वाचतोय. एक प्रश्न. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यातली काही मुलं सेंडलरनं वाचवलेली होती का? एका भाषणात तसं ऐकलं होतं.

पाऊलखुणा

नाही हो, रंकाळादादा. वळिवडे छावणी १९४३ ते १९४८ अशी होती आणि तिथं सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, इथवर बरोबर. पण त्यांची वाट पूर्ण वेगळी. पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेल्यावर १९४०-४१ मध्ये त्यांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं होतं. जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका, मग इराण, मग हिंदुस्थान. त्यात बहुसंख्य कॅथलिक बायका-मुलं होती. वॉर्साच्या घेट्टोतल्या मुलाला कोल्हापूर तर सोडाच, शहराबाहेरचं गाव गाठणंही मुश्कील होतं. दोन्ही आठवणी जपायला हव्यात, पण एकीत दुसरी मिसळायला नको.

रंकाळा

समजलं. धन्यवाद. पुढच्या वेळी भाषणात कुणी म्हणालं तर उभा राहून सांगेन.

टाकसाळ

आता बाहेर काढायच्या वाटा. एकच ठराविक वाट नव्हती, असूच शकत नव्हती. एकीचा सुगावा लागला की ती बंद पडायची.

पहिली, लेश्नो रस्त्यावरचं न्यायालय. इमारत अशा जागी होती की पुढचं दार घेट्टोच्या बाजूला आणि मागचं दार ‘आर्य’ बाजूला. पहारेकरी सामील असला की मुलाचा हात धरून एका दारानं आत शिरायचं आणि दुसऱ्यानं बाहेर पडायचं. चालू शकणाऱ्या आणि बऱ्यापैकी पोलिश बोलणाऱ्या मुलांनाच ही वाट.

दुसरी, ट्राम. घेट्टोच्या हद्दीत ट्रामचा डेपो होता. लेओन शेश्को हा ट्रामचालक या कामात होता. रिकाम्या ट्राममध्ये मूल लपवून पहाटे गाडी बाहेर काढायची, आणि पुढच्या एखाद्या थांब्यावर ठरलेली बाई चढून त्याला घ्यायची.

तिसरी, जंतुनाशक वाहून नेणारी गाडी किंवा रुग्णवाहिका. मालाखाली किंवा पेटीत तान्हं बाळ. चौथी, लागून असलेल्या इमारतींची तळघरं, काही ठिकाणी गटारं. पाचवी, बाहेर कामाला जाणाऱ्या मजुरांच्या तुकडीबरोबर मोठ्या मुलाला मिसळून देणं.

तान्ह्यांची अडचण म्हणजे रडणं. त्यांना ल्युमिनल द्यायचे, म्हणजे फेनोबार्बिटल. मात्रा कमी पडली तर फाटकाशीच बाळ जागं होणार, जास्त झाली तर श्वास मंदावणार. उपाशी, वजन घटलेल्या बाळाला किती द्यायचं हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नसतं.

दवबिंदू

पेटीची गोष्ट मग खरीच आहे ना?

टाकसाळ

पेटी खरी, प्लंबर खोटा. सगळ्यात नीट नोंद असलेली हकीगत एल्झबिएता फिट्सोव्स्का यांची. जन्म ५ जानेवारी १९४२, घेट्टोत. जुलै १९४२ मध्ये, जेमतेम सहा महिन्यांच्या असताना, त्यांना हवेसाठी भोकं पाडलेल्या लाकडी पेटीत निजवून विटांच्या गाडीतून बाहेर आणलं. गाडी सेंडलर चालवत नव्हती. स्तानिस्वावा बुसोल्दोव्हा या सुईणीच्या सावत्र मुलाला कामासाठी घेट्टोत गाडी न्यायची परवानगी होती, त्यानं हे केलं. बाळाबरोबर आईनं एक चांदीचा चमचा ठेवला होता. त्यावर कोरलेलं होतं लाडाचं नाव ‘एल्झुनिया’ आणि जन्मतारीख. आईवडील दोघेही मारले गेले. बुसोल्दोव्हा बाईंनीच तिला मुलगी म्हणून वाढवलं आणि खरी हकीगत तिला सतराव्या वर्षी कळली.

तो चमचा म्हणजे तिचा जन्मदाखला. दुसरा कागद नव्हताच.

कुत्र्याबद्दल: एका चालकानं रडण्याचा आवाज झाकायला गाडीत कुत्रा ठेवला, असं सेंडलर स्वतः उतारवयात सांगायची. ‘तिचा शिकवलेला जर्मन शेफर्ड’ ही मात्र मजकुरात पडलेली भर आहे.

शब्दवेडा

प्रतिसाद सुंदर चाललेत. एक विनंती, ‘ती’ ऐवजी ‘त्या’ लिहूया का? एवढ्या थोर स्त्रीबद्दल एकेरी खटकतं.

आबोली

शब्दवेडा, आपण ज्ञानोबाला आणि विठोबाला एकेरीच हाक मारतो. इथं ‘ती’मध्ये अनादर नाही, जवळीक आहे. पण ज्यांना ‘त्या’ लिहायचंय त्यांनी जरूर लिहावं.

धुळाक्षर

ताई, तुम्ही विचारलंत की त्या रात्री मूल झोपलं कुठे. माझ्या मते धाग्याचा गाभा हाच आहे.

बाहेर आलेलं मूल थेट अनाथालयात जात नसे. आधी काही दिवस, कधी काही आठवडे, विश्वासातल्या घरी ठेवायचे. याद्विगा पिओत्रोव्स्का, मारिया कुकुल्स्का, झोफिया व्हेंद्रिखोव्स्का अशांची ही घरं. तिथं आंघोळ, उवा काढणं, पोटभर खाणं, डॉक्टर. मग शिकवणी. नवं नाव. नव्या आईवडिलांची नावं, गाव, वडील कुठे गेले त्याचं उत्तर. क्रूस कसा करायचा, ‘आमच्या स्वर्गातील बापा’ पाठ. यिद्दिश, म्हणजे तिथल्या ज्यूंची भाषा, बोलणाऱ्या मुलाचं पोलिश उच्चारात पकडलं जायचं, त्याला जास्त दिवस लागत. काळे केस असले तर रंगवायचे, पण मुळाशी पुन्हा काळं दिसायला लागलं की पंचाईत, म्हणून परत परत रंगवायचे. दिवसाउजेडी हलवायचं असेल तर डोक्या-तोंडाला बँडेज बांधायचे, जखमी असल्यासारखं. मुलग्यांची सुंता झालेली असे. कुणी चड्डी उतरवायला सांगितली की खेळ संपला. त्यामुळे मुलींना ठेवून घ्यायला घरं तुलनेनं लवकर मिळायची.

झोपेत सुद्धा जुनं नाव तोंडातून निघायला नको, म्हणून मुलाला मध्यरात्री उठवून विचारायचे, ‘तुझं नाव काय?’ अर्धवट झोपेत नवं नाव आलं की ते पुढच्या घरी जायला तयार.

एवढं करून काय बदलता येत नसे, तर डोळे. रस्त्यावर ज्यू ओळखून पैसे उकळणारे लोक डोळ्यांतल्या भीतीवरून आणि दुःखावरून हेरायचे. पोलिशमध्ये त्यांना ‘श्मालत्सोव्निक’ म्हणत. श्मालेत्स म्हणजे डुकराची चरबी, बोलीत पैसा. आपल्याकडे मलिदा म्हणतात तसंच. एकदा मलिदा दिला की तोच माणूस आठ दिवसांनी परत दारात. मग घर सोडायचं, पुन्हा नवं घर, नवं नाव. सेंडलर सांगायची, अशा फिरवाफिरवीत एका मुलानं तिला विचारलं होतं, एका माणसाला किती आया असू शकतात?

दवबिंदू

हे शेवटचं वाक्य वाचून पुढे वाचवेना. थोड्या वेळानं येते.

परिचारिका

कागदांबद्दल मी लिहिते. केनकार्टे नावाचं जर्मन ओळखपत्र पंधरा वर्षांवरच्यांना लागायचं. लहान मुलाचं काम बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर भागत असे. हा दाखला बनावट असण्यापेक्षा खरा असणं केव्हाही चांगलं, कारण चर्चच्या नोंदवहीशी ताडून पाहिला तरी जुळतो. तो कसा मिळवायचा? एखादं पोलिश मूल वारलं की धर्मगुरू नोंदवहीत मृत्यूची नोंद करायचेच नाहीत आणि दाखला सेंडलरच्या गटाला द्यायचे. वारलेल्या मुलाच्या नावावर दुसरं मूल जगायचं. वय, लिंग आणि जमेल तितकं दिसणंही जुळवावं लागे.

संस्थेत मूल ठेवायला महापालिकेचा गृहभेट अहवाल लागायचा. तो सेंडलरच्या गटातल्या बायका बनवायच्या. वरची सही खात्यातले अधिकारी यान दोब्राचिन्स्की करायचे. त्यांची सही ठरावीक प्रकारे आली की संस्थेच्या प्रमुखाला न बोलता कळायचं की मूल ज्यू आहे. मग त्या मुलाला पाहुण्यांपुढे आणायचं नाही, तपासणीच्या दिवशी मागच्या खोलीत ठेवायचं, हे ती प्रमुख आपोआप करायची.

संस्था कुठल्या? वॉर्साचं फादर बोदुएन अनाथालय, तुर्कोव्हित्सेचं जोगिणींचं बालगृह, आणि फ्रान्सिस्कन सिस्टर्स ऑफ द फॅमिली ऑफ मेरी या मठाची घरं. या मठाच्या वॉर्सातल्या प्रमुख मातिल्दा गेत्तर. त्यांच्या दारात आलेलं मूल परत गेलं नाही.

टाकसाळ

शिक्षाही सांगायला हवी, नाहीतर या सह्यांचं वजन कळत नाही. व्याप्त पोलंडचा जर्मन गव्हर्नर हान्स फ्रांक याच्या १५ ऑक्टोबर १९४१ च्या हुकमानं घेट्टो सोडणाऱ्या ज्यूला मृत्युदंड, आणि जाणूनबुजून आसरा देणाऱ्यालाही तोच. व्यवहारात अनेकदा आख्ख्या कुटुंबाला गोळ्या घालत. म्हणजे एक मूल ठेवून घेणारी बाई स्वतःच्या मुलांचा जीव पणाला लावत होती.

शब्दवेडा

मग मला एक अवघड प्रश्न विचारायचाय, राग नसावा. मुलांना ख्रिस्ती प्रार्थना शिकवल्या, बाप्तिस्म्याचे दाखले दिले, मठांत ठेवलं. हे एका अर्थानं धर्मांतरच झालं ना? काही मुलं पुढे कॅथलिकच राहिली.

पाऊलखुणा

राग कसला, हा प्रश्न घेट्टोतही विचारला गेला होता. मुलांना मठांत पाठवावं की नाही यावर आतल्या ज्यू पुढाऱ्यांत वाद झाले. काहींचं म्हणणं होतं, जीव वाचेल पण मूल आपलं राहणार नाही.

सेंडलरच्या याद्यांचा हेतू नेमका इथं येतो. पातळ कागदाच्या पट्ट्यांवर मुलाचं खरं नाव, नवं नाव आणि ठेवलेलं ठिकाण. युद्ध संपल्यावर मूल आपल्या माणसांकडे आणि आपल्या समाजात परत जावं एवढ्यासाठीच. केवळ जीव वाचवायचा असता तर यादी ठेवणं हा निव्वळ धोका होता. शहाण्या भूमिगत माणसानं असा कागद कधीच ठेवला नसता. तिनं ठेवला, कारण तिच्या दृष्टीनं मूल उसनं घेतलेलं होतं.

शब्दवेडा

‘उसनं घेतलेलं’ हा शब्द पटला. तरी माझी शंका पूर्ण मिटलेली नाही. तान्हेपणी गेलेल्या मुलाला परत कुणाकडे देणार होते? देणारे उरलेच नव्हते.

पाऊलखुणा

बरोबर आहे, आणि त्यावर सोपं उत्तर नाही. २२ जुलै १९४२ ला मोठी पाठवणी, म्हणजे घेट्टोतल्या ज्यूंना गाड्यांत भरून मृत्युछावणीत नेणं, सुरू झाली आणि २१ सप्टेंबरपर्यंत चालली. तेवढ्यात अडीच लाखांच्या वर माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारली. यादीतल्या बहुतेक मुलांचे आईवडील त्यात गेले. युद्धानंतर यादी ज्यू पुढारी आडोल्फ बेर्मान यांच्या हाती दिली. काही मुलांना नातेवाईक सापडले, काही ज्यू समितीच्या बालगृहांत गेली. काही ठिकाणी सांभाळणारी आई सोडायला तयार नव्हती आणि मूलही तिला बिलगलेलं. काहींना तर चाळिशी-पन्नाशीत कळलं.

पण परत द्यायला कुणी उरलं नाही म्हणून नाव परत द्यायचं नाही, असं तर नाही ना? फिट्सोव्स्कांना आई मिळाली नाही, पण आपण कोण हे कळलं.

दवबिंदू

आईवडील मूल द्यायला तयार कसे व्हायचे?

धुळाक्षर

बरेचदा व्हायचे नाहीत. ते विचारायचे, जगेल याची हमी काय? आणि सेंडलर खरं तेच सांगायची, की हमी नाही, आज घेट्टोबाहेर सुखरूप पडेल का हेही सांगता येत नाही. बाप तयार, आई नाही. आई तयार, आजी सोडेना. ‘उद्या या’ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी जावं तर खोली रिकामी, सगळं घरच स्ताव्की रस्त्यावरच्या उमश्लागप्लात्झवर, म्हणजे रेल्वेच्या त्या फलाटावर नेलेलं.

टाकसाळ

पैशांचा प्रश्न राहिलाय, तो घेतो.

आधी खात्याच्याच पैशातून, खोट्या नावांवर. १९४२ च्या पाठवणीनंतर गरज वाढली आणि तो झरा आटला. ४ डिसेंबर १९४२ ला ‘झेगोता’ म्हणजे ज्यूंना मदत करणारी परिषद रीतसर स्थापन झाली. लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारकडून आणि परदेशातल्या ज्यू संघटनांकडून आलेला पैसा भूमिगत मार्गानं तिच्याकडे यायचा. सांभाळणाऱ्याला महिना साधारण ५०० झ्लोटी (पोलिश चलन) ठरलेले. महागाई अशी की त्यात भागायचं नाही, आणि विमानातून उतरवलेले पैसे वेळेवर येतीलच असंही नाही. उशीर झाला की गरीब घर मूल परत आणून द्यायचं. म्हणून दर महिन्याला पैसे घेऊन जाणारी बाई फार मोलाची. ती नुसते पैसे देत नसे. मूल आजारी आहे का, शेजारी चौकशी करतात का, मारहाण तर होत नाही ना, हे बघून यायची.

मुलांच्या विभागाच्या पहिल्या प्रमुख आलेक्सांद्रा दार्गिएलोव्हा. सेंडलरनं तो १९४३ च्या उत्तरार्धात हाती घेतला. टोपणनाव ‘योलांता’.

रंकाळा

झेगोता, झेगोटा, जेगोटा, किती रूपं वाचायची! नेमका उच्चार काय?

धुळाक्षर

झेगोता, आणि ‘झे’ जरा जाड, ‘झ’ आणि ‘श’ यांच्या मधला. गंमत म्हणजे हे एका माणसाचं नाव आहे आणि असा माणूस या कामात कधी नव्हताच. ‘कोनराद झेगोता समिती’ असं टोपणनाव घेतलं होतं. ज्यूंना मदत या विषयाचा शब्दसुद्धा फोनवर किंवा चिठ्ठीत यायला नको म्हणून. ‘झेगोता येऊन गेला का?’ असं बिनधास्त विचारता यायचं. आणि पोलंडमध्ये सेंडलरचं आडनाव सेंडलेरोव्हा असं म्हणतात.

आबोली

किती माहिती मिळतेय, मनापासून आभार. आता अटक, बरणी आणि तो अडीच हजारांचा आकडा.

पाऊलखुणा

अटक ऑक्टोबर १९४३ मध्ये. ज्या धुलाईच्या दुकानात निरोपांची देवाणघेवाण चाले, तिथली बाई पकडली गेली आणि मारहाणीत नाव फुटलं. रात्री गेस्टापो, म्हणजे जर्मन गुप्त पोलीस, दारात. संकटात याद्यांची गुंडाळी खिडकीतून टाकायची असं ठरलेलं होतं. ती खिडकीशी गेली तर खाली अंगणातही जर्मन. तेव्हा तिनं गुंडाळी घरी मुक्कामाला असलेल्या यानिना ग्राबोव्स्काकडे दिली आणि तिनं ती अंगातल्या कपड्यांत दडवली. कित्येक तास घराची झडती झाली, गुंडाळी सापडली नाही. पट्ट्या पातळ कागदाच्या का होत्या ते इथं लक्षात येतं. जाड वही असती तर?

पुढे शुखा मार्गावरची गेस्टापो कचेरी आणि पावियाक तुरुंग. छळ झाला. तिनं नाव सांगितलं नाही. मृत्युदंड झाला. झेगोतानं मोठी लाच देऊन नोव्हेंबर १९४३ मध्ये तिला सोडवलं, पण सरकारी कागदावर ती मेलेली. मग तीही त्या मुलांसारखीच झाली, खोटं नाव, खोटे कागद, आज या घरी उद्या त्या घरी. १९४४ मध्ये आई गेली तेव्हा अंत्यविधीला जाता आलं नाही.

गटातली याद्विगा देनेका मात्र सुटली नाही. नोव्हेंबर १९४३ मध्ये पकडली, जानेवारी १९४४ मध्ये घेट्टोच्या अवशेषांत गोळ्या घातल्या. मजकुरात तिचं नाव कधीच नसतं.

टाकसाळ

बरणी: कुठे बरणी, कुठे बाटली असं येतं. पुरलं ते लेकार्स्का रस्ता क्रमांक ९ इथं, पिओत्रोव्स्कांच्या बागेत, सफरचंदाच्या झाडाखाली. बाग सेंडलरची नव्हती, हेही लिहा.

आकडा: अडीच हजार मुलं सेंडलरनं स्वतः उचलून बाहेर काढली असं कुणी म्हणत असेल तर ते चूक. पोलिश संशोधकांनी अलीकडे या आकड्यावरच बरीच चर्चा केलीय. हा आकडा मदत मिळालेल्या मुलांचा धरला जातो. त्यात आधीच बाहेर असलेली, दुसऱ्यांनी काढलेली आणि फक्त पैशाची मदत मिळालेली मुलंही येतात.

दवबिंदू

पण असा आकडा कमी करत गेलं तर तिचं काम लहान होत नाही का?

टाकसाळ

अजिबात नाही. बाहेर काढणं हे तासाभराचं काम. मुलाला १९४२ पासून १९४५ पर्यंत जिवंत ठेवणं हे अडीच-तीन वर्षांचं. ज्या मुलाला तिनं कधी पाहिलंच नाही, पण ज्याच्या घरी दर महिन्याला ५०० झ्लोटी पोचले, ते तिच्या कामात धरायचं नाही तर कशात धरायचं?

धुळाक्षर

पूर्ण सहमत. ती स्वतः प्रत्येक मुलाखतीत सहकाऱ्यांची नावं घ्यायची.

नोबेलचंही उरकून टाकतो. २००७ मध्ये पोलंडमधून तिचं नाव पुढे केलं गेलं, पारितोषिक अल गोर आणि हवामानबदलाच्या आंतरसरकारी मंडळाला मिळालं. नामांकनांची कागदपत्रं पन्नास वर्षं बंद असतात, त्यामुळे ‘तिचं हिरावून घेतलं’ म्हणायला काही आधार नाही. इस्रायलमधल्या याद वाशेम या स्मारकसंस्थेनं तिला १९६५ मध्येच गौरवलं होतं. तिथं झाड लावायला ती १९८३ मध्ये जाऊ शकली. जगभर नाव झालं ते त्याहून उशिरा. १९९९ मध्ये अमेरिकेत कॅन्ससमधल्या युनियनटाऊनच्या शाळकरी मुलींनी इतिहासाच्या प्रकल्पासाठी तिच्यावर छोटं नाटक केलं, त्यानंतर. २००८ च्या मे महिन्यात, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन ती वॉर्सातच गेली.

आबोली

सगळं वाचून मजकूर असा केलाय, बघा बरं:

‘इरेना सेंडलर प्लंबर नव्हत्या. वॉर्सा महापालिकेच्या समाजकल्याण खात्यात काम करत होत्या. साथीच्या पासवर त्या घेट्टोत जात. त्यांनी शेकडो मुलं बाहेर काढायला मदत केली, बाहेरच्या मुलांना खोटे कागद, घर आणि दरमहा पैसे पोचवले, आणि खरी नावं जपली. इरेना शुल्त्स, याद्विगा पिओत्रोव्स्का, यानिना ग्राबोव्स्का, याद्विगा देनेका आणि अनेक जणी या कामात होत्या. देनेकांना त्यासाठी गोळ्या घालण्यात आल्या.’

परिचारिका

छान. ‘साथीच्या पासवर’ ऐवजी ‘आरोग्य विभागाच्या पासवर’ करा, लोकांना पटकन कळेल.

शब्दवेडा

एक शब्द माझाही. ‘त्यांनी शेकडो मुलं’ मधला ‘त्यांनी’ बदला. वाचणारा तो आदरार्थी एकवचन समजणार, म्हणजे पुन्हा एकटीच बाई. मीच वर ‘त्या’ लिहा म्हणालो होतो, पण इथं ‘त्या सगळ्यांनी’ असं लिहा आणि शुल्त्स, पिओत्रोव्स्का, देनेका यांची नावं त्या वाक्याच्या आधी घ्या.

आबोली

बदललं. पाठवते.